‘अ ख्रिसमस कॅरल’: स्क्रूजची गाणी, कारकुनाचा पगार आणि बंगळूरुचे कलावंत

इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही भूतकथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आजतागायत रंगभूमी, चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली आहे. २ डिसेंबर २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झालेला ‘स्क्रूज: अ ख्रिसमस कॅरल’ हा स्टीफन डॉनेली दिग्दर्शित गीतमय ॲनिमेशनपट याच परंपरेतील आहे. ही मूळ कथा, तिचे गीतमय अवतार आणि असे चित्रपट घडविणाऱ्या कलावंतांचे एक प्रमुख केंद्र असलेले बंगळूरु शहर यांविषयीची ही माहिती.

कथा थोडक्यात अशी. एबेनेझर स्क्रूज हा लंडनमधील एक कंजूष सावकार आहे. नाताळच्या आदल्या रात्री त्याचा सात वर्षांपूर्वी मृत्यू पावलेला भागीदार जेकब मार्ले भूत होऊन त्याच्यासमोर उभा राहतो. मार्लेच्या अंगाभोवती एक लांबलचक साखळी आहे आणि ती तिजोरीच्या पेट्या, किल्ल्या, कुलपे, खतावण्या आणि दस्तऐवज यांची बनलेली आहे. आयुष्यभर ज्यांचा हिशेब ठेवला, त्याच वस्तू मरणोत्तर बेड्या झाल्या आहेत. त्यानंतर भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य यांचे तीन आत्मे येतात, स्क्रूजला त्याचे आयुष्य दाखवितात आणि सकाळी तो बदललेला माणूस म्हणून जागा होतो.

सर्वसाधारण वाचकाच्या स्मरणात राहतात ती भुते. परंतु कथेचा आरंभ आणि शेवट होतो तो कचेरीत. बॉब क्रॅचिट हा स्क्रूजचा कारकून आठवड्याला पंधरा शिलिंग पगारावर काम करतो. शेगडीत त्याच्या वाट्याला जेमतेम एक कोळसा येतो. नाताळच्या एका दिवसाची भरपगारी रजा देताना स्क्रूज कुरकुरतो, कारण काम न करता दिवसाचे पैसे द्यावे लागणे त्याला चोरीसारखे वाटते. कथेच्या अखेरीस खरा बदल घडतो तोही नाताळच्या दुसऱ्या दिवशी, कामाच्या वेळी, जेव्हा स्क्रूज उशिरा आलेल्या बॉबला प्रथम दटावण्याचे सोंग करतो आणि मग पगारवाढ देतो. या पुस्तकाची पहिली किंमत पाच शिलिंग होती हेही येथे लक्षात घ्यावे. म्हणजे बॉब क्रॅचिटला स्वतःची कथा विकत घ्यायची असती तर आठवड्याच्या पगाराचा एक तृतीयांश भाग मोजावा लागला असता.

डिकन्स यांना ही गोष्ट सुचली ती दारिद्र्याच्या प्रत्यक्ष दर्शनातून. वडील कर्जापायी तुरुंगात गेल्यामुळे १८२४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांना बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर काम करावे लागले होते. १८४३ मध्ये बालमजुरांच्या स्थितीविषयीचा सरकारी चौकशी अहवाल त्यांच्या वाचनात आला, लंडनमधील अनाथ व गरीब मुलांची शाळा त्यांनी पाहिली आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांत हे पुस्तक लिहून पूर्ण केले. पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळपर्यंत संपल्या. मात्र जॉन लीच यांची रंगीत चित्रे आणि उंची बांधणी यांवर इतका खर्च झाला की, हजार पौंडांची अपेक्षा बाळगणाऱ्या लेखकाच्या हाती सुरुवातीस २३० पौंडच पडले. जानेवारी १८४४ मध्ये एका प्रकाशनाने कथेची चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स यांनी दावा जिंकला, पण प्रतिवादींनी दिवाळे जाहीर केले आणि दाव्याचा सुमारे सातशे पौंडांचा खर्च त्यांच्याच अंगावर आला. श्रमाच्या मोबदल्याविषयीच्या कथेच्या लेखकाला स्वतःच्या श्रमाचा मोबदला असा मिळाला.

गाणे मुळातच होते

या कथेत गाणी घालणे ही नंतरच्या चित्रपटवाल्यांची क्लृप्ती आहे असा समज होणे शक्य आहे, पण तो बरोबर नाही. ‘कॅरल’ म्हणजे नाताळगीत. डिकन्स यांनी पुस्तकाच्या पाच भागांना ‘प्रकरण’ न म्हणता ‘स्टेव्ह’ असे संगीतातील नाव दिले. शिवाय १८४४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रंगभूमीवर या कथेचे अनेक प्रयोग एकाच वेळी सुरू होते आणि एडवर्ड स्टर्लिंग यांच्या, डिकन्स यांची संमती असलेल्या प्रयोगात गाणीही होती.

मराठी वाचकाला येथे एक योगायोग आठवल्यावाचून राहणार नाही. ‘कॅरल’ प्रसिद्ध होण्याच्या अवघ्या सहा आठवडे आधी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांना तशा नाटकाची कल्पना सुचली होती ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. सूत्रधाराने पदे म्हणायची आणि पात्रांनी प्रसंग उभा करायचा, ही त्या खेळाची पद्धत होती. गोष्ट गाण्यातून पुढे नेण्याची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला म्हणूनच स्क्रूजचे गाणे परके वाटण्याचे कारण नाही.

छोट्या पडद्यापासून नेटफ्लिक्सपर्यंत

या कथेचा पहिला महत्त्वाचा गीतमय ॲनिमेशनपट १९६२ सालचा. ‘मिस्टर मगूज ख्रिसमस कॅरल’ हा कार्यक्रम १८ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झाला. दूरचित्रवाणीसाठी खास नाताळनिमित्त तयार केलेला तो पहिला ॲनिमेशनपट मानला जातो. दृष्टी अधू असलेले मगू हे लोकप्रिय व्यंगपात्र नाटकात स्क्रूजची भूमिका करीत आहे, अशी त्याची रचना होती. संगीत ज्यूल स्टाइन यांचे आणि गीते बॉब मेरिल यांची होती. वेळेच्या अभावी स्क्रूजचा भाचा फ्रेड त्यातून गळला आणि आत्म्यांचा क्रमही बदलला, तरी गाण्यांचा दर्जा आजही लक्षात येण्याजोगा आहे.

१९७१ मध्ये रिचर्ड विल्यम्स यांनी केलेल्या लघुपटाचा मार्ग वेगळा होता. जॉन लीच यांच्या मूळ चित्रांची आठवण करून देणारी रेखाटने, अंधार आणि खरोखर भीती वाटावी असा मार्ले, हे त्याचे विशेष. त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेटेड लघुपटाचे ऑस्कर मिळाले. डिस्नेचा ‘मिकीज ख्रिसमस कॅरल’ १९८३ मध्ये आला. त्यात मिकी माऊस बॉब क्रॅचिट झाला आणि पगारवाढीचा प्रसंग कचेरीतून उचलून नाताळच्याच दिवशी बॉबच्या घरी नेण्यात आला. घरगुती आनंदाच्या दृष्टीने तो बदल ठीकच आहे. मात्र मूळ कथेत मालकाने कामाच्या जागी, कामाच्या दिवशी आपली चूक दुरुस्त करण्याला जे वजन आहे, ते त्यात हरवते.

२०२२ च्या चित्रपटाचे मूळ १९७० च्या ‘स्क्रूज’ या चित्रपटात आहे. अल्बर्ट फिनी यांची प्रमुख भूमिका असलेल्या त्या चित्रपटाची गीते आणि संगीत लेस्ली ब्रिकस यांचे होते आणि त्याला ऑस्करची चार नामांकने मिळाली होती. ब्रिकस यांचे ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्वदाव्या वर्षी निधन झाले. नव्या चित्रपटात त्यांची गाणी नव्या वाद्यमेळासह येतात. स्क्रूजला ल्यूक इव्हान्स यांचा, भूतकाळाच्या आत्म्याला ऑलिव्हिया कोलमन यांचा आणि मार्लेला जोनाथन प्राइस यांचा आवाज आहे. स्क्रूजला प्रूडन्स नावाची कुत्री देण्यात आली आहे, तर भाच्याचे नाव फ्रेडऐवजी हॅरी हफम असे आहे. ‘हफम’ हे डिकन्स यांच्या स्वतःच्या पूर्ण नावातील एक नाव. भूतकाळाचा आत्मा मेणबत्तीच्या मेणासारखा क्षणोक्षणी आकार बदलतो. मूळ पुस्तकात या आत्म्याच्या मस्तकातून प्रकाशझोत निघतो आणि त्याच्या हाती मेणबत्ती विझविण्याच्या टोपीसारखी टोपी असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना विशेष आवडेल. एकंदरीत चित्रपट रंगांनी भरलेला आणि मुलांना भावेल असा आहे. पण एवढ्या झगमगाटात स्क्रूजच्या कचेरीतली थंडी फारशी जाणवत नाही, हा त्याचा उणेपणा होय.

एका ठोक्याला बारा चित्रे

गीतमय ॲनिमेशनपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्र नंतर तयार होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालतो. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला १२ चौकटी येतात. स्क्रूजचे पाऊल, त्याच्या काठीचा आपटा आणि ओठांची उघडझाप त्याच हिशेबात बसवावी लागते. दीड तासाच्या चित्रपटात अशा १ लाख २९ हजार ६०० चौकटी होतात.

संगणकावर पात्राचे शरीर घडविल्यावर त्याच्या आत हाडांसारखा सांगाडा आणि सांध्यांसारखी नियंत्रणे बसविली जातात. कळसूत्री बाहुलीला दोरे बांधण्यासारखेच हे काम असते, फक्त दोरे शेकड्यांनी असतात. मग ॲनिमेटर हालचाल देतो, दुसरा गट कापड आणि केसांची हालचाल साधतो, तिसरा प्रकाशयोजना करतो आणि शेवटचा गट सर्व थर एकत्र जुळवितो. एका ॲनिमेटरच्या आठवड्याभराच्या कामातून पडद्यावर मोजकेच सेकंद उभे राहतात. हे काम इतके श्रमाचे असल्यामुळेच ते एका शहरात, एका देशात मावत नाही.

बंगळूरुतील आवर्तन

या वाटपात बंगळूरुला महत्त्वाचे स्थान मिळाले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. संगणक अभियंते आणि इंग्रजीत व्यवहार करणारा तरुण वर्ग येथे होताच. पाप्रिकास या स्थानिक ॲनिमेशन संस्थेत टेक्निकलर या आंतरराष्ट्रीय कंपनीने गुंतवणूक केली आणि पुढे ती पूर्णपणे ताब्यात घेतली. ड्रीमवर्क्सच्या ‘पुस इन बूट्स’ (२०११) या चित्रपटाच्या कामाचा एक भाग याच शहरात झाला. टेक्निकलरचीच शाखा असलेल्या एमपीसीच्या बंगळूरु स्टुडिओतील कलावंतांनी डिस्नेच्या ‘द लायन किंग’ (२०१९) या गीतमय चित्रपटावर काम केले. कर्नाटक सरकारने २०१२ मध्ये ॲनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण आखले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. २०२४ पासून या धोरणाची तिसरी आवृत्ती लागू झाली.

लंडनमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बंगळूरुत दुपारचे अडीच झालेले असतात. लॉस एंजेलिसचा कामाचा दिवस संपतो तेव्हा येथे दुसरी सकाळ उजाडते. घड्याळाचा हा फरक निर्मात्यांच्या सोयीचा आहे, कारण काम जवळजवळ अखंड चालू राहते. पण बहुतेक काम आधी ठरलेल्या रकमेवर घेतले जाते, बदल मात्र शेवटपर्यंत येत राहतात आणि मुदत हलत नाही. त्याचा ताण अखेर कोणावर पडतो हे सांगावयास नको.

२०२३ मध्ये हॉलिवूडमधील लेखक आणि कलाकार यांचे दीर्घ संप झाले, चित्रीकरणे थांबली आणि पुढच्या टप्प्यावरील स्टुडिओंकडे येणारे काम आटले. ‘स्क्रूज’च्या निर्मितीत सहभागी असलेला ग्लासगोचा ॲक्सिस स्टुडिओ जुलै २०२४ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि दीडशेहून अधिक जणांची नोकरी संपली. सात महिन्यांनी हीच वेळ बंगळूरुवर आली. एमपीसीने दृश्ये साकारलेला ‘मुफासा: द लायन किंग’ हा गीतमय चित्रपट डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, जगभर प्रदर्शित झाला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, टेक्निकलरचा आर्थिक डोलारा कोसळला. भारतात बंगळूरु आणि मुंबई मिळून सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला. त्या महिन्याचे वेतन आणि इतर देणी कधी मिळणार, याविषयीची अनिश्चितता तेव्हाच्या वृत्तांत नोंदली गेली आहे. ज्यांनी सिंहाच्या आयाळीतला एकेक केस वाऱ्यावर हलविला, त्यांच्यापैकी कित्येकांना ही बातमी एका सभेत किंवा एका ई-पत्रातून समजली.

या सर्व मंडळींची नावे चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या नामावलीत, विभागवार आणि शहरवार, बारीक अक्षरांत छापलेली असतात. चित्रपटगृहात ती पूर्ण सरकते. नेटफ्लिक्ससारख्या सेवेवर मात्र कथा संपताच नामावलीची चौकट बहुधा लहान होते आणि पुढील चित्रपटाची शिफारस पडद्यावर येते. ती नावे वाचायची असल्यास प्रेक्षकाला नामावलीची कळ दाबावी लागते.