पाटीवरचे गाव, पाटीवरची जात

गावाचे नाव बदलणे ही काही अवघड गोष्ट नाही, हे वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाने दोनदा दाखवून दिले आहे. नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा 1862 सालचा. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. 1866 साली ते पालकवाडीला आणले गेले, नवे शहर आखले गेले आणि त्याला नदीचे नाव मिळाले. पालकवाडी कागदावरून गेली. पुढे 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्यांचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागले, म्हणून 1940 साली गाव सेवाग्राम झाले.

टपाल चुकते म्हणून चार वर्षांत गावाचे नाव बदलते. मग माणसाचा पाणउतारा होतो म्हणून महारपुरा, मांगपुरा ही नावे बदलायला किती वर्षे लागावीत? शासनाचा निर्णय आला डिसेंबर 2020 मध्ये. वस्त्यांची जातिवाचक नावे काढावीत आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे ठरले.

पाटी म्हणजे नुसता पत्रा नव्हे. ती रेशनकार्डावर उतरते, मतदारयादीत उतरते, शाळेच्या दाखल्यावर उतरते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. प्रवेशअर्जात जातीच्या रकान्याआधी पत्त्याचा रकाना होता, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला पुढचे वाचण्याची गरजच उरली नाही.

अर्थात आमच्या माणसांनी शासनाची वाट पाहिली नव्हती. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांतून लोकांनी स्वतः वर्गणी काढून निळ्या पाट्या रंगवल्या. भीमनगर, सिद्धार्थनगर, पंचशीलनगर ही नावे कोणत्याही मंत्रिमंडळाने सुचवलेली नव्हती. त्यांच्यामागे एका समाजाचा नकार उभा होता.

आणि इथेच 2020 च्या निर्णयातली एक गोष्ट मला खुपते. बदलायच्या नावांच्या यादीत महारवाडा आहे, ब्राह्मणवाडा आहे, आणि त्याच ओळीत बौद्धवाडाही आहे. बौद्ध ही जात केव्हापासून झाली? महाराष्ट्राने 1960 पासून राज्याच्या सवलती दिल्या हे खरे. पण केंद्राच्या लेखी 1990 पर्यंत बौद्ध हा अनुसूचित जातीत बसत नव्हता, कारण त्याने जात सोडली होती. सवलत मागताना आम्ही जातीबाहेरचे आणि पाटी लावताना जातीचे, हा न्याय समजायला कठीण आहे. यात शासनाचा दुष्टावा नसेलही. पण गावकरी 'बौद्धवाडा' म्हणताना जुनाच शब्द मनात घोळवतात, ही कबुली मात्र त्या यादीने नकळत दिली.

दुकानांच्या पाट्यांचा नियम पाहा. 2022 च्या दुरुस्तीने मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असे सांगितले. दारूच्या दुकानाला महापुरुषांचे नाव नको असेही सांगितले. अक्षराच्या मापापर्यंत कायदा पोहोचतो. वस्तीचे नाव ठरवताना तो वस्तीपर्यंत का पोहोचू नये? गावाच्या सभेत आम्ही मूठभर असतो. म्हणून नावाचा ठराव आधी वस्तीच्या बैठकीत व्हावा, मग ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत जावा.

आर्वी, हिंगणघाट, देवळी, समुद्रपूरकडच्या विद्यार्थी मित्रांनी एवढे करावे: आपल्या ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढावा. पाटी नवी आणि उतारा जुना असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तो उतारा जोडूनच द्यावा आणि पोच घ्यावी.