गर्भातला धूर, चाळिशीतली साखर

१९५८ च्या मार्चमध्ये, ३ ते ९ तारखेच्या त्या एका आठवड्यात, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळामागे एक लांबलचक फॉर्म भरला गेला. फॉर्म सुईणी भरत होत्या. बाळे मृत का जन्मतात, जन्मल्यावर आठवडाभरात का दगावतात, एवढेच तेव्हा शोधायचे होते. त्यात आईच्या सिगारेटविषयीही विचारणा होती. चौथ्या महिन्यानंतर ओढत होतात का, आणि दिवसाला किती? सुमारे सतरा हजार बाळांच्या या नोंदी कपाटात पडून राहिल्या नाहीत. मुले सात वर्षांची झाली, सोळाची झाली, तेहेतिसाची झाली, आणि दर वेळी त्यांना गाठून वजन, उंची, आजार टिपले गेले. २००२ साली स्कॉट माँटगोमेरी आणि अँडर्स एकबॉम यांनी त्या जुन्या उत्तरांशेजारी तेहेतिशीपर्यंत झालेल्या मधुमेहाची नोंद मांडली. आईने गरोदरपणात दिवसाला दहा किंवा त्याहून अधिक सिगारेटी ओढल्या असतील, तर त्या मुलांमध्ये मधुमेहाची शक्यता चौपटीच्या आसपास निघाली.

आकडा दचकवणारा आहे, पण त्याच्यामागचे रुग्ण मोजके होते. तेहेतिशीच्या आत मधुमेह होणारे असून असून किती असणार? म्हणून ‘चौपट’ हा शब्द बातमीत शोभतो, विवेचनात तो जपून वापरावा लागतो. तरी प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. ज्या बाळाने स्वतः एक झुरकाही ओढलेला नाही, त्याच्या स्वादुपिंडाने तीस-चाळीस वर्षांनी त्या धुराचा हिशेब का द्यावा?

चयापचयाचे आरोग्य म्हणजे पोटाचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांचे एकमेकांत गुंतलेले गणित. ते गर्भात बिघडू शकते ही कल्पना तंबाखूच्या अभ्यासातून आलेली नाही. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदी उघडल्या आणि कमी वजनाची बाळे मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात, हे १९८९ साली दाखवले. १९९२ मध्ये त्यांनी आणि निक हेल्स यांनी मिळून विचार पुढे नेला: गर्भाला कमी पुरवठा झाला की तो काटकसरीने शरीर बांधतो, आणि पुढे भरपेट मिळू लागले की ती काटकसरच अंगावर येते. सिगारेट हा पुरवठा कमी करण्याचा एक खात्रीचा मार्ग, म्हणून तंबाखूचे संशोधक या वाटेने आले.

पुरवठा कमी होतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तो वारेतून पलीकडे जातो आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षाही अधिक प्रमाणात साठतो. निकोटिनला वार अडवत नाही. बाळाच्या रक्तातली त्याची पातळी आईच्या पातळीहून साधारण पंधरा टक्के जास्त भरते. गर्भजलात ते उतरते, बाळ ते पाणी गिळते, पुन्हा त्यात लघवी करते, आणि हे चक्र चालू राहते. धुरातले कॅडमियम मात्र बरेचसे वारेतच अडकून पडते आणि बाळाकडे जाणाऱ्या जस्ताची वाट अडवते. एकाच झुरक्यातून तीन वेगवेगळ्या तऱ्हेचे नुकसान होते. पुढच्या वादाची गाठ इथेच आहे, कारण ‘धूर’ हा एकच पदार्थ असल्यासारखे आपण बोलतो.

जन्मवजनापुरता निकाल लागलेला आहे. १९५७ साली कॅलिफोर्नियात सिम्प्सन यांनी धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळे लहान असतात हे पहिल्यांदा नीट दाखवले. सरासरी घट दीडशे ते अडीचशे ग्रॅमच्या घरात, हे पुढे पुन्हापुन्हा दिसले. तरी शंका घेणारे होते. ‘ओढणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असतात’ हा त्यांचा मुद्दा, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. त्याला खरे उत्तर मेरीलँडमधल्या प्रयोगाने दिले. सेक्स्टन आणि हेबेल यांनी गरोदर धूम्रपानी बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि एका गटाला सिगारेट सोडायला मदत केली. १९८४ साली निष्कर्ष आला: मदत मिळालेल्या गटाची बाळे सरासरी ९२ ग्रॅमनी जड. चिठ्ठी पडताना बाईचा स्वभाव किंवा नवऱ्याचा पगार कोणी विचारत नाही, त्यामुळे फरक सिगारेटचाच मानावा लागला.

मोठेपणीच्या चयापचयासाठी असा प्रयोग कोण करणार? चाळीस वर्षे वाट पाहायची कोणी? म्हणून इथे सगळा पुरावा आडून येतो. २००८ मध्ये एमिली ओकेन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास एकत्र केले. ८४,५६३ मुले होती, वय तीन ते तेहेतीस. गर्भात धूर लागलेल्यांमध्ये स्थूलतेची शक्यता दीडपट निघाली. गंमत अशी की ही मुले जन्मतात लहान आणि पुढच्या काही वर्षांत इतरांना वजनात गाठतात, मग मागे टाकतात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९५९ ते १९६७ या काळात गरोदर असलेल्या बायकांच्या सुमारे अठराशे मुलींचा अभ्यास २०१५ साली आला. मुली तेव्हा ४४ ते ५४ वर्षांच्या होत्या. आईने ओढले असेल तर मधुमेहाचा धोका दुपटीहून जास्त निघाला, आणि मुलीचे जन्मवजन व आजचे वजन हिशेबात धरूनही तो आकडा हलला नाही. मला हा निष्कर्ष सगळ्यात बोचरा वाटतो, कारण ‘लहान जन्मली, मग जाड झाली, मग साखर वाढली’ ही सरळ साखळी इथे पुरी पडत नाही.

आता उलटतपासणी. २०१० साली स्वीडनमध्ये अनास्तासिया इलियाडू आणि सहकाऱ्यांनी लष्करभरतीच्या तपासणीला आलेल्या सव्वा लाखाच्या आसपास तरुणांच्या नोंदी तपासल्या. इतरांसारखाच संबंध त्यांनाही दिसला: आई धूम्रपानी, मुलगा स्थूल. मग त्यांनी सख्खे भाऊ समोरासमोर उभे केले. आई तीच, घर तेच, ताटातले जेवण तेच. फरक इतकाच की एका गरोदरपणी आई ओढत होती, दुसऱ्या वेळी नव्हती. भावाभावांतला वजनाचा फरक नाहीसा झाला. म्हणजे जो दोष धुराचा वाटत होता, त्याचा मोठा वाटा त्या घराचा निघाला.

काहींनी हा शेवटचा निकाल मानला. मला तो तसा वाटत नाही. दोन बाळंतपणांच्या मधे सिगारेट सोडणारी किंवा नव्याने धरणारी आई ही सर्वसाधारण आई नसते. तिच्या आयुष्यात आणखीही काही बदललेले असणारच. शिवाय त्या तपासणीत अठरा वर्षांच्या मुलांचे वजन मोजले होते, पन्नाशीतली साखर मोजली नव्हती. अठराव्या वर्षी इन्शुलिनची तंगी बहुधा दिसतच नाही. काळाचाही एक फरक आहे. १९५८ च्या ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या बायकाही ओढत आणि गिरणीकामगारांच्याही. नंतरच्या दशकांत शिकलेल्या घरांनी सिगारेट टाकली आणि ती गरिबीला चिकटली. त्यामुळे अलीकडच्या पिढ्यांत धूर आणि दारिद्र्य वेगळे काढणे जास्त अवघड होते. जुन्या पिढीचा पुरावा म्हणूनच जास्त मोलाचा, जरी त्यातली मोजमापे ओबडधोबड असली.

उंदरांना सामाजिक वर्ग नसतो. कॅनडात अ‍ॅलिसन हॉलोवे यांच्या गटाने विस्टर जातीच्या उंदरांच्या माद्यांना गर्भारपणात आणि पिल्ले दूध पीत असेपर्यंत निकोटिन टोचले. २००५ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे: जन्मतःच पिल्लांच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी जास्त प्रमाणात मरत होत्या, आणि दूध सुटल्यावर निकोटिनचा कणही न मिळालेली ही पिल्ले सहा महिन्यांची होताना जाड झाली, त्यांची साखर आवरेना. इथे कार्बन मोनॉक्साइड नव्हता, कॅडमियम नव्हते, भूकही नव्हती. एकटे निकोटिन होते. अर्थात सव्वीस आठवड्यांचा उंदीर म्हणजे पन्नाशीतला माणूस नव्हे, पण स्वीडनच्या भावांनी जे दार लोटले होते ते पुन्हा किलकिले झाले.

डीएनएवरच्या खुणांचा बोलबाला गेली दहा-बारा वर्षे फार आहे. २०१६ साली तेरा अभ्यासांतल्या ६,६८५ बालकांच्या तपासणीत आईच्या धूम्रपानाशी जोडलेल्या सहा हजारांहून अधिक जागा सापडल्या. धुरातली विषे निपटण्याशी संबंधित एएचआरआर हा जनुक त्यांत ठळक होता. ब्रिस्टलमधल्या एका दीर्घकालीन अभ्यासातल्या मुलांमध्ये यातल्या काही खुणा सतराव्या वर्षीही पुसलेल्या नव्हत्या. प्रभावी आहे, पण ही खूण हजेरीपटावरच्या सहीसारखी असते. धूर गर्भात येऊन गेला एवढे ती सांगते. त्याने आत काय काम केले, ते सहीवरून कळत नाही.

मग माझा अंदाज काय? जन्मवजनाबद्दल शंका नको. स्थूलतेचा दीडपट आकडा घराच्या वाट्याने फुगलेला आहे. मधुमेहाचा धोका आकड्यात अनिश्चित, पण पेशीच्या पातळीवर सगळ्यात पटणारा.

यातले जवळपास सगळे ज्ञान सिगारेट ओढणाऱ्या गोऱ्या आईविषयी आहे. आपल्याकडे ती आई फारशी नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या २ टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या, आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. महाराष्ट्रात यातला मोठा वाटा मशेरीचा, कुठे तिला मिश्री म्हणतात. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईतो भाजायची, ठसका लागेल इतका धूर घरभर करायचा, मग चुरून डबीत भरायची. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची आणि तशीच तोंडात धरून पाणी भरायला निघायचे. आधी दात साफ करण्यासाठी, मग पोट साफ होत नाही म्हणून, मग डोके चढते म्हणून.

प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू वापरणाऱ्यांपैकी बहुतेक मशेरी लावणाऱ्या होत्या. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि ६.२ दिवस आधी जन्मलेली. बाईच्या छातीत सिगारेटचा धूर गेलेला नाही, तरी वजन घटले. हॉलोवे यांच्या उंदरांशेजारी ठेवावा असाच हा निष्कर्ष आहे. या अभ्यासाचे मोजमाप मात्र जन्मापाशी थांबते, आणि आपल्या मातीत तिथून पुढचाच भाग महत्त्वाचा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतली बाळे साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी आपल्या बाळाने जवळजवळ राखलेली, आणि तूट पडली होती स्नायूंत आणि अवयवांत. हाडकुळ्या दिसणाऱ्या बाळाच्या या चरबीचे खापर तंबाखूवर फोडता येत नाही. तिथे मुख्य कहाणी आईच्या पोषणाची आहे. पण आधीच काटकसरीने बांधलेल्या या शरीरातून आणखी शंभर ग्रॅम कमी होणे आणि साडेतीन किलोतून शंभर ग्रॅम कमी होणे, हे मी एकाच तराजूत घालणार नाही.

शिवाय नवऱ्याची बिडी आहेच. त्याच सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी घरातल्या घरात दुसऱ्याचा धूर सोसत असल्याचे सांगितले. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून कडक बंदी आहे, तिचा हात उंबऱ्याच्या आत पोहोचत नाही. ‘गरोदर बाईने काय करावे’ असे लिहिणारे लेख नवऱ्याविषयी गप्प असतात, हे मला खटकत आले आहे. तशात चुलीचा धूरही कार्बन मोनॉक्साइडच देतो, त्यामुळे आपल्या खेड्यातल्या घरी कोणता धूर किती, हे वेगळे काढणे स्वीडनपेक्षा कितीतरी कठीण.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे. ऑकलंड आणि अ‍ॅडलेड इथल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांवरच्या, २००९ साली आलेल्या अभ्यासात पंधराव्या आठवड्याच्या आत सिगारेट सोडलेल्यांच्या बाळांचे वजन कधीच न ओढणाऱ्यांच्या बाळांसारखेच भरले. म्हणजे विचारायचे ते पहिल्या तपासणीलाच विचारायला हवे. निकोटिनपासून शरीरात बनणारे कोटिनिन रक्तात मोजून पकडू म्हटले, तर गरोदरपणी शरीर ते जवळपास दुप्पट वेगाने बाहेर टाकते. म्हणून शेवटी भिस्त प्रश्नावरच, आणि प्रश्न कोणत्या शब्दात विचारला त्यावर.

“तंबाखू खाता का, ताई?”

“छे, छे.”

“विडी, सिगारेट?”

“आमच्यात नाही बायका ओढत.”

“मशेरी?”

“ती लावते की. सकाळी एकदा, अन् दुपारी जेवल्यावर.”

कार्डावर तोवर ‘व्यसन नाही’ असे लिहून झालेले असते.