गार्डन रीचच्या चुन्याच्या भिंती

कलकत्त्यातील महाराष्ट्रीयांना गार्डन रीच हे नाव परिचयाचे झाले ते रेल्वेमुळे. नागपूरला हुगळीकाठाशी जोडणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेची वारस असलेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. परंतु त्यापूर्वी हा परिसर दुसरे लखनौ होता. अवधचे राज्य गमावलेला वाजिद अली शाह मे १८५६ मध्ये कलकत्त्यास आला आणि येथील मटियाबुर्जात त्याने आपला दरबार पुन्हा मांडला.

१८८७ मध्ये तो निवर्तला. त्याच्या मालमत्तेची विल्हेवाट लागली व बहुतेक प्रासाद नामशेष झाले. १८६४ चा सिब्तैनाबाद इमामबाडा मात्र टिकला. तेथे नवाबाची कबर आहे आणि मोहरमला माणसे जमतात. नवाब आरंभी ज्यात राहिला असे सांगतात, तो नदीकाठचा बंगलाही टिकला, कारण तो रेल्वेच्या महाव्यवस्थापकांचे निवासस्थान झाला. राबत्या घराचे छत गळू लागले की कोणीतरी तक्रार करतो. ओसाड घरात पिंपळाचे रोप निर्वेध वाढते.

मात्र नुसता वापर पुरत नाही, दुरुस्तीही जाणती हवी. गाळाच्या या प्रदेशात दगड नाही. म्हणून वीट, चुना व सुरखी यांचे बांधकाम. जमिनीतील ओल क्षार घेऊन भिंतीत चढते. बंगाली माणूस त्याला ‘नोना’ म्हणतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. स्वतः झिजतो, पण वीट वाचवतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक विटेतच फुगतात आणि वीट भुसभुशीत होते. वरून भिंत नवी दिसते, हीच यातली फसवणूक. पिंपळाचेही तसेच: फांदी छाटली तर मूळ अधिक जाड होते. मूळ मारून, सांधा उकलून, चुन्यानेच भरावा लागतो.

जुने ते धोक्याचे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मार्च २०२४ मध्ये याच गार्डन रीचमध्ये कोसळून दहाहून अधिक बळी घेणारी पाच मजली इमारत बांधून पुरी व्हायची होती.

चुना मुरायला आठवडे लागतात. सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे मार्चअखेर खर्ची पडलाच पाहिजे अशा निधीची घाई मला ठाऊक आहे. म्हणून दुरुस्तीचे काम हाती घेताना पावसाळा सरताच चुना भिजत घालावा आणि त्याआधी छतावरील पन्हळी साफ कराव्यात. त्याला फारसा खर्चही येत नाही.