टोपी पडली, गडी बाद!

आपल्याकडे डोक्यावरच्या वस्त्राला मोठा मान. पागोटे असो, फेटा असो, नाहीतर साधी टोपी असो, ती चारचौघांत डोक्यावरून पडली की माणसाची अब्रूच पडली, असे आपले वाडवडील मानीत. सातपुड्याच्या कुशीतले, अक्कलकुवा तालुक्यातले काठी हे गाव पाहा. तेथील राजवाडी होळीला नवस बोललेले गडी अंगावर राखेची नक्षी काढतात, कमरेला भोपळे आणि घुंगरे बांधतात आणि मोरपिसांचे उंच टोप डोक्यावर चढवून रात्रभर नाचतात. त्यांचे नेम कडक, पथ्ये कडक. तो टोप सावरीत पहाटे होळी पेटेपर्यंत ढोलाच्या ठेक्यावर पाय धरून ठेवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

तो टोप नवसाचा आणि शोभेचा. खेळाच्या मैदानावर जे शिरस्त्राण आले, ज्याला आपण सारे हेल्मेट म्हणतो, ते मात्र जीव राखायला आले. आता जीव राखणारी वस्तू म्हटल्यावर नियम करणाऱ्यांनी पहिला विचार तिच्या आतल्या डोक्याचा केला असेल, असे कोणालाही वाटेल. क्रिकेटचा इतिहास वेगळे सांगतो. तेथे पडलेल्या टोपीचा हिशेब आधी झाला. उघड्या पडलेल्या डोक्याचा फार उशिरा.

मुंबईच्या अशोक मांकड यांची गोष्ट या बाबतीत मासलेवाईक आहे. १९७४ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात एजबॅस्टनच्या कसोटीत ते चांगले जम बसवून खेळत होते. ख्रिस ओल्डचा एक चेंडू उसळून आला, मांकडांनी मान वाचवली, पण डोक्यावरची टोपी निसटली आणि नेमकी यष्ट्यांवर पडली. बेल्स खाली, मांकड स्वयंचीत! नियमाच्या दृष्टीने यात अन्याय काहीच नाही. फलंदाजाच्या बॅटने किंवा देहाने यष्टी मोडली तर तो बाद, आणि देह म्हटला की अंगावरचे कपडे-लत्तेही त्यातच आले. डोके वाचले, विकेट गेली. पुढे टोपीच्या जागी हेल्मेट आले तरी न्याय तोच राहिला. २००७ साली ओल्ड ट्रॅफर्डवर ड्वेन ब्राव्होच्या चेंडूने केविन पीटरसनचे हेल्मेट उडाले, ते यष्ट्यांवर आदळले आणि साहेबांना तंबूत परतावे लागले. कपाळावर चेंडू बसलेल्या माणसाला आधी पाणी विचारावे की बाद द्यावे, हा प्रश्न नियमाच्या पुस्तकाला पडत नाही.

त्या पुस्तकाची ही वृत्ती समजून घ्यायची तर जुन्या काळातल्या मर्दुमकीच्या कल्पना ध्यानात घेतल्या पाहिजेत. डोक्याला काही बांधून खेळायला जाणे म्हणजे भित्रेपणा, अशी सार्वत्रिक समजूत होती. पन्नाशी उलटलेल्या सी. के. नायडूंना कोल्हापूरच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसला, दात पडले, आणि ते झटकून नायडू पुन्हा खेळायला उभे राहिले, ही कथा आपल्या दोन पिढ्यांनी कौतुकाने सांगितली. कौतुकाची आहेच ती. पण अशा कथा ऐकून वाढलेला पोरगा डोक्याला संरक्षण मागायला धजेल कसा? १९३३ साली लॉर्ड्सवर पॅट्सी हेंड्रेनने वेस्ट इंडीजच्या तेज गोलंदाजांपुढे पत्नीने तयार केलेली, रबराचे अस्तर लावलेली टोपी घातली, तेव्हा लोकांना ती एक गंमतच वाटली. त्या गमतीतून बोध घ्यायला क्रिकेटने पंचेचाळीस वर्षे लावली.

मधल्या काळात किंमत मोजली ती बरीचशी आपल्या माणसांनी. १९६२ च्या मार्च महिन्यात भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता आणि नरी कॉन्ट्रॅक्टर त्याचे कर्णधार होते. बार्बाडोसविरुद्धचा सामना ब्रिजटाऊनला चालू होता. चार्ली ग्रिफिथ गोलंदाजी टाकीत असताना मागच्या पॅव्हिलियनमध्ये कोणीतरी खिडकी उघडली आणि क्षणभर आपले लक्ष तिकडे गेले, असे कॉन्ट्रॅक्टर पुढे सांगत असत. तेवढा क्षण पुरला. चेंडू कानामागे कवटीवर बसला. कवटी फुटली, मेंदूवर दाब आला, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त हवे होते. प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले आणि त्यांनी आपले रक्त दिले. आपल्या बाजूने पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांनी दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. ते मायदेशी आले, कवटीत धातूची पट्टी बसली, पुढे ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेही, पण कसोटीत त्यांना पुन्हा उतरता आले नाही. वय अवघे अठ्ठावीस! कप्तानीची धुरा एकवीस वर्षांच्या पतौडींवर येऊन पडली. बंगालच्या क्रिकेट संघटनेने वॉरेलच्या स्मरणार्थ ३ फेब्रुवारीला रक्तदानाचा पायंडा पाडला. म्हणजे त्या चेंडूतून एक चांगला रिवाज निघाला. नियम मात्र एकही निघाला नाही. पुढच्या सामन्यात सारे फलंदाज पूर्वीइतक्याच उघड्या डोक्यांनी मैदानात गेले.

चौदा वर्षांनी, १९७६ च्या एप्रिलमध्ये, जमैकातल्या किंग्स्टनला तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. बडोद्याच्या अंशुमन गायकवाडांनी मायकेल होल्डिंगच्या माऱ्यापुढे ८१ धावांपर्यंत चिवटपणे तग धरली. अंगावर किती चेंडू घेतले याची गणतीच नको. शेवटी एक कानावर बसला आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले. विश्वनाथचे बोट मोडले, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला टाके पडले. बेदीने ६ बाद ३०६ वर डाव सोडून दिला; दुसऱ्या डावात धावफलकावर ९७ धावा लागल्या आणि पाच नावांपुढे ‘जखमी, गैरहजर’ असे लिहावे लागले. धावफलक न म्हणता त्याला इस्पितळाची नोंदवहीच म्हणावे.

आणि मग १९७८ चा मार्च आला. ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप हेल्मेट घालून कसोटी खेळायला उतरला. कसोटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. गाव कोणते? ब्रिजटाऊन! ज्या गावी कॉन्ट्रॅक्टर कोसळले होते तेच. प्रेक्षकांनी त्याची टर उडवली म्हणतात. त्याआधी वर्षभरात माइक ब्रिअर्लीने टोपीखाली कवटीचे कवच घातले होते आणि डेनिस एमिसने पॅकरच्या सामन्यांत मोटारसायकलस्वाराच्या धर्तीचे हेल्मेट वापरले होते. आपल्याकडे मन वळायला वेळ लागला. १९८१ च्या जानेवारीत सिडनीला संदीप पाटील ६५ धावांवर खेळत असताना लेन पॅस्कोचा चेंडू कानावर बसून कोसळले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पुढच्याच कसोटीत ॲडिलेडला त्यांनी १७४ धावा ठोकून त्याचे उट्टे काढले, हे खरे. सुनील गावसकरांनी तर हेल्मेट कधी डोक्याला लागूच दिले नाही. मानेला त्याचा भार होतो असे त्यांचे म्हणणे. कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली एक छोटेसे कवच घालू लागले, तेवढीच काय ती तडजोड.

हेल्मेट आले, तेव्हा नियमाच्या पुस्तकाने त्याचे स्वागत कसे केले? अडगळ म्हणून! क्षेत्ररक्षक ते घालून जवळ उभा राहतो. षटक बदलले की काढून ठेवतो. कोठे ठेवायचे? यष्टिरक्षकाच्या मागे. आणि तेथे ठेवलेल्या हेल्मेटला चालू खेळात चेंडू लागला तर फलंदाजाच्या बाजूला पाच धावा बहाल. या पाच धावांचे मूळ फार जुने आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नियमांत क्षेत्ररक्षकाने आपल्या हॅटने चेंडू अडवला तर पाच धावांचा दंड असे. हॅटची शिक्षा हेल्मेटने वारशाने घेतली. जमिनीवर पडलेल्या हेल्मेटला असा दंड होता; पण ज्याच्या डोक्यावर ते नव्हते त्याला कोणी विचारीत नव्हते.

हिंदू जिमखान्यावर ज्यांचे वडील मैदानाची देखभाल करीत त्या एकनाथ सोलकरांची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटीपासून हाताच्या अंतरावर, उघड्या डोक्याने उभे राहून त्यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. १९७१ चा ओव्हलवरचा विजय चंद्रशेखरच्या सहा बळींचा म्हणून आपण लक्षात ठेवतो. त्यात ॲलन नॉटचा जमिनीलगत झेप घेऊन टिपलेला सोलकरांचा झेल होता, तोही तेवढाच मोलाचा. सोलकर वाचले ते नजरेमुळे, हातांमुळे आणि नशिबाने. नशीब सर्वांना सारखे नसते. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला रमण लांबा त्याच जागी उभे राहिले. कर्णधाराने हेल्मेट मागवू का म्हणून विचारले. षटकाचे तीनच चेंडू उरले आहेत, कशाला, असे त्यांनी उत्तर दिले. फटका थेट कपाळाशेजारी बसला. तीन दिवसांनी लांबा गेले. तेव्हाही नियम हलला नाही.

याच्या उलट चित्र पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. ते लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायचेंडू नव्हे; तो चेंडू हाती घेऊन धावण्याचा आणि देहावर देह आदळण्याचा खेळ. १८९३ साली तेथील नौदलाच्या रीव्ह्ज नावाच्या खेळाडूने डॉक्टरांच्या तंबीनंतर चांभाराकडून चामड्याची टोपी शिवून घेतली, असे सांगतात. हे गृहस्थ पुढे ॲडमिरल झाले. महाविद्यालयांत १९३९ पासून आणि धंदेवाईक संघांत १९४३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. आणि ते खेळताना निसटले तर? चेंडू नेणाऱ्याचे निसटले की पंचाची शिटी होते आणि खेळ तेथेच थांबतो. महाविद्यालयीन खेळात २०१२ पासून असा दंडक आहे की, प्रतिपक्षाच्या आगळिकीमुळे नव्हे तर आपसूक हेल्मेट गेले असेल, तर त्या गड्याने पुढच्या एका खेळीसाठी बाहेर बसावे. उघड्या डोक्याने तसाच झुंजत राहिला तर त्याच्या संघाला पंधरा यार्डांचा दंड. शूर म्हणून टाळ्या नाहीत! आपल्या नायडूंच्या कथेवर वाढलेल्या माणसाला हे पचणे जड जाते. मला स्वतःला मात्र हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. टोपी पट्ट्यांनी नीट आवळून घालण्याची जबाबदारी त्याने आपोआप घालणाऱ्यावरच आली.

क्रिकेटला शहाणपण आले ते २०१४ च्या नोव्हेंबरनंतर. सिडनीला फिलिप ह्यूजला चेंडू मानेवर, हेल्मेटच्या खालच्या उघड्या भागावर लागला आणि दोन दिवसांत तो तरुण गेला. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सामन्यांत १ ऑगस्ट २०१९ पासून मिळाली. मुभा आली की तिच्याभोवती वादही आले. २०२५ च्या ३१ जानेवारीला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर मुंबईच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला, बदली म्हणून हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेऊन सामना फिरवला. फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी निव्वळ तेज गोलंदाज कसा, असे इंग्लंडचा कर्णधार बटलर विचारू लागला. शंका रास्त होती, असे म्हणणे भाग आहे.

तेज गोलंदाजापुढचा फलंदाज, यष्ट्यांना चिकटून उभा राहणारा यष्टिरक्षक आणि फलंदाजाच्या पुढ्यात जवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक यांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १ जून २०२३ रोजी. सोलकरांची जागा अखेर कायद्याच्या छत्राखाली आली. पण जुनी खोड लगेच जात नाही. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला दिल्लीला विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज खेळायला आला, आणि हेल्मेटचा पट्टा आवळताना तो हातातच तुटला. दुसरे हेल्मेट येईतो दोन मिनिटांची मुदत उलटली. बांगलादेशच्या शाकिबने दाद मागितली आणि एकही चेंडू न खेळता मॅथ्यूज बाद ठरला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये वेळ चुकल्याबद्दल गेलेला हा पहिलाच बळी. समोर फिरकी गोलंदाज असल्यामुळे हेल्मेट सक्तीचेही नव्हते.

कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यातली ती धातूची पट्टी या साऱ्या काळात जागच्या जागी होती. वरची त्वचा विरत चालली म्हणून ती काढावी लागली. २०२२ साली मुंबईत ती शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते आणि ब्रिजटाऊनच्या त्या चेंडूला साठ वर्षे उलटून गेली होती.