जागेची वावडी

मनुष्याविषयीं उठलेली वावडी आणि जागेविषयीं उठलेली वावडी यांत एक मूलभूत भेद आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याची वदंता कित्येक वर्षें महाराष्ट्रांत चालली होती. तिच्या बळावर एका तोतयानें १७७६ सालीं कोंकणांत एवढा धुमाकूळ घातला कीं पुण्याच्या कारभाऱ्यांना त्याच्यावर फौजा धाडाव्या लागल्या. परंतु अखेर तोतया सांपडला, त्याला देहान्त शासन झालें, आणि त्या वदंतेचा जोर ओसरला. जागेच्या वावडीला असा पकडून आणण्याजोगा तोतया नसतो. ‘अमुक ठिकाणीं अमुक बांधणार’ हें एक वाक्य कर्णोपकर्णीं फिरूं लागलें कीं तेथल्या जमिनीचा भाव हलतो, भावाभावांच्या थांबलेल्या वांटण्या निघतात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांसाठीं तलाठ्याकडे खेपा सुरू होतात. आणि पुढें तें बांधकाम झालें नाहीं तरी हें सर्व होऊन गेलेलेंच असतें. खोटी ठरलेली जागेची वावडीहि आपलें काम पुरें करूनच जाते.

आपल्या भाषेनें या प्रकाराला दिलेलीं नांवें अर्थपूर्ण आहेत. वावडी म्हणजे पतंग. ती आकाशांत उडते, पण तिचा दोर खालीं कोणाच्या तरी हातांत असतो. कंडी पिकते, म्हणजे ती कोणी तरी पेरलेली असते. हूल देतात ती समोरच्याला भलत्याच बाजूस वळविण्यासाठीं. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या वावडीचा विचार करणार आहों ती आजच्या काळाची आहे. एखाद्या कल्पनेभोंवतीं रचलेली, तिकीट काढून आंत जावयाची जी प्रचंड करमणूकनगरी, जिला सर्वत्र ‘थीम पार्क’ म्हणतात, ती कोठें उभी राहणार, याविषयींची ही वावडी होय.

हा विचार कोणत्या भूमीवर उभें राहून करावयाचा हेंहि सांगितलें पाहिजे. वसई तालुक्यांत नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्राच्या कांठीं कळंब हें गांव आहे. पुढें वाळूचा पट्टा व सुरूचीं झाडें, मागें वाड्या आणि विहिरी. शेजारचें सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला आणि सोपाऱ्यासच अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाहि मिळाला. उत्तरेस अर्नाळ्याचा जलदुर्ग, दक्षिणेस चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं जिंकलेला वसईचा किल्ला. एवढा जुना हा परिसर. पण नकाशा पुढें घेऊन बसलेल्या धनिकाला त्यांत तीनच गोष्टी दिसतात: मुंबई जवळ आहे, समुद्र लागून आहे, आणि जमीन मोकळी दिसते. ‘दिसते’ हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. कोणतीहि वाडी दुरून मोकळीच दिसते. अशा गांवावर उद्यां ही वावडी येऊन बसली तर तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हें ठरविण्यास पूर्वींचीं उदाहरणें उपयोगी पडतील.

त्यांतलें सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतलें आहे. वॉल्ट डिस्ने यांची पहिली बाग कॅलिफोर्निया प्रांतांत अनाहाइम येथें १९५५ सालीं उघडली. संत्र्यांच्या बागा तोडून सुमारें १६० एकरांवर ती रचली होती. बाग चालली, परंतु तिच्या भिंतीबाहेरची जमीन दुसऱ्यांची होती. तेथें खाणावळी व उतारूंचीं निवासस्थानें उभीं राहिलीं आणि आलेल्या पाहुण्यांच्या पैशाचा मोठा वांटा त्यांनीं नेला. दुसऱ्या खेपेस ही चूक करावयाची नाहीं असें डिस्ने यांनीं ठरविलें. १९६४ व १९६५ या वर्षांत फ्लॉरिडांतील ऑरलँडो शहराजवळची दलदल, कुरणें आणि संत्र्यांचे मळे निरनिराळ्या अपरिचित कंपन्यांच्या नांवानें खरेदी होऊं लागले. ‘रीडी क्रीक रँच’ हें त्यांपैकीं एक नांव. खरा गिऱ्हाईक कोण, हें विकणाऱ्यांस ठाऊक नव्हतें.

शहरांत अर्थातच तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे फोर्डचा मोटारींचा कारखाना येणार. कोणी विमानें बांधणाऱ्या कंपन्यांचीं नांवें घेई. अंतराळयानांचें केंद्र जवळच असल्यामुळें कोणाला त्याचा संबंध दिसे. या सर्व वावड्यांत एक गोष्ट समान होती. ऐकणारे सगळे कारखाना शोधीत होते, बाग शोधीत नव्हते. ही चुकीची दिशा खरेदीदाराच्या पथ्यावरच पडली. अखेर १९६५ च्या ऑक्टोबरांत एमिली बव्हार या बातमीदार बाईंनीं कॅलिफोर्नियांत खुद्द डिस्ने यांनाच प्रश्न केला. त्यांनीं नाकारलें, पण ऑरलँडोचें हवामान त्यांच्या बागेला कां मानवणार नाहीं, याचीं कारणें ते इतक्या तपशिलानें सांगूं लागले कीं बाईंना उत्तर मिळून गेलें. २४ ऑक्टोबरच्या ‘ऑरलँडो सेंटिनेल’नें तो निष्कर्ष ठळक मथळ्यानें छापला आणि १५ नोव्हेंबरला कंपनीनें रीतसर घोषणा केली. तोंवर २७,००० एकरांहून अधिक जमीन हातीं आली होती, आणि तीहि सरासरी एकरीं दोनशें डॉलरांहून कमी दरानें. घोषणेनंतर भोंवतालच्या जमिनीचे भाव अनेक पटींनीं चढले. बाग उघडली १ ऑक्टोबर १९७१ रोजीं.

येथें कंपनीच्या बाजूनें एक युक्तिवाद करतां येतो, आणि तो पोकळ नाहीं. बेत आधीं जाहीर केला असता तर सट्टेवाल्यांनीं मधल्या मोक्याच्या जागा धरून ठेवल्या असत्या आणि बाग कदाचित् झालीच नसती; शिवाय विकणाऱ्यांनीं आपखुशीनें व चालू भावानें विकलें, त्यांना कोणीं लुबाडलें? पण चालू भाव म्हणजे काय, याचाच येथें प्रश्न आहे. सौद्यांत एका पक्षाला उद्यांचा भाव माहीत असतो आणि दुसऱ्याला फक्त कालचा. वावडी ही या अज्ञानाच्या पोटीं जन्मते. जेथें खरी बातमी थोड्यांच्या तिजोरींत असते, तेथें उरलेल्यांना अंदाजावरच जगावें लागतें.

याच्या अगदीं उलट प्रकार आपल्या मुंबईंत शंभर वर्षें आधीं घडला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आलेल्या पैशाला वाट हवी होती. बॅकबेमधील समुद्र हटवून जमीन काढावयाची कंपनी निघाली. येथें जागा गुप्त नव्हती. चौपाटीवर जाऊन कोणीहि पाहावी. गुप्त होतें तें एवढेंच कीं, ती जमीन खरोखर निघणार कीं नाहीं. तरीहि पांच हजारांचा शेअर सुमारें पन्नास हजारांपर्यंत चढला. युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ चा वायद्याचा दिवस अनेक घराण्यांचें दिवाळें काढून गेला. फ्लॉरिडांत वावडीनें विकणाऱ्याला अंधारांत ठेवलें. मुंबईंत तिनें घेणाऱ्याचे डोळे दिपविले.

कळंबच्या लोकांना मात्र एवढ्या दूर जाण्याचें कारण नाहीं. त्यांच्या किनाऱ्यानें दक्षिणेस गेलें असतां वसईची खाडी लागते, आणि तिच्या पलीकडे उत्तन, गोराई व मनोरी हीं तशींच कोळी-शेतकऱ्यांचीं गांवें. त्यांपैकीं गोराईस १९८९ सालीं ‘एस्सेलवर्ल्ड’ उघडलें. १९९८ सालीं त्याला ‘वॉटर किंगडम’ हा पाण्याच्या खेळांचा भाग जोडला गेला. मुंबईच्या दोन पिढ्यांच्या शाळांच्या सहली तेथें नांवेंत बसून गेल्या. त्या मुलांना झालेला आनंद खरा होता, आणि तो आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु याच पट्ट्यांत पर्यटनाचें विशेष आर्थिक क्षेत्र होणार ही वार्ता या शतकाच्या पहिल्या दशकांत आली, तेव्हां गांवकरी विरोधास उभे राहिले. ती योजना पुढें अंमलांत आली नाहीं. आणि २०२२ सालीं एस्सेलवर्ल्डहि बंद झालें. करमणुकीच्या बागेचें आयुष्य तेहेतीस वर्षें ठरलें. तेवढ्या काळांत एका नारळाच्या झाडाचें अर्धेंहि आयुष्य होत नाहीं.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाची कथा निराळी. सुमारें २११ एकरांच्या या जमिनीचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजीं संपला आणि तेथें आंतरराष्ट्रीय दर्जाचें थीम पार्क करावें ही मागणी शिवसेनेनें पुढें मांडली. मग दहा वर्षांहून अधिक काळ तर्क चालले. मैदान राहणार, जाणार, मुलुंडला हलणार. बागेच्या नांवाखालीं इमारती उठणार, न उठणार! २०२४ सालीं ९१ एकर क्लबकडे ठेवून १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठीं घेण्याचें ठरलें, आणि तें उद्यान थीम पार्क न राहतां ‘सेंट्रल पार्क’ म्हणून बोललें जाऊं लागलें. येथें वावड्या कांहीं कमी उठल्या नाहींत. पण ती जमीन सरकारची व महापालिकेची असल्यामुळें प्रत्येक वावडीला वर्तमानपत्रांत, सभेंत आणि मतदानांत उत्तर द्यावें लागलें. उघड्यावर आलेली वावडी वादांत रूपान्तर पावते, आणि वादाचा निर्णय लागूं शकतो.

असा वाद श्रीमंत कंपनीलाहि माघार घ्यावयास लावतो. व्हर्जिनिया प्रांतांत, यादवी युद्धांतील मनॅसस या प्रसिद्ध रणभूमीच्या जवळ अमेरिकन इतिहासावरच एक बाग उभारण्याचा बेत डिस्ने कंपनीनें नोव्हेंबर १९९३ मध्यें जाहीर केला. खऱ्या इतिहासाच्या उंबरठ्यावर खोटा इतिहास मांडूं नये, असें म्हणत नामांकित इतिहासकार पुढें आले, जमीनधारकहि आले, आणि सप्टेंबर १९९४ मध्यें बेत सोडून देण्यांत आला. ज्यांच्या अंगणांत शूर्पारक आहे त्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कायदा या बाबतींत काय करतो? १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत एक कलम मोठें बोलकें होतें. घेतलेल्या जमिनीवर पुढें जें होणार त्यामुळें तिची जी किंमत वाढेल ती मोबदला ठरवितांना धरूं नये! म्हणजे उद्यांचा भाव शेजाऱ्याला मिळावा, सट्टेवाल्याला मिळावा. ज्याची जमीन गेली त्याला तेवढा मिळूं नये. २०१३ च्या कायद्यानें सामाजिक परिणामांची तपासणी व जाहीर सुनावणी आणली, आणि खासगी कंपनीसाठीं संपादन करावयाचें तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमति आवश्यक केली. हा पालट मोठा आहे. परंतु एकेका शेतकऱ्याला गांठून केलेल्या खासगी सौद्यांत अशी सुनावणी नसते, आणि वावडीचें खरें पीक तेथेंच येतें.

वसईला या गोष्टींचा अनुभव नाहीं असें नाहीं. १९९० सालीं सिडकोची या भागासाठीं नियोजन-प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास विहिरींचें पाणी टँकरनें उपसलें जाण्याविरुद्ध आणि हिरवा पट्टा राखण्यासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिचा विशेष असा कीं, कुजबुजीला तिनें कुजबुजीनें उत्तर दिलें नाहीं. नकाशे मागितले, सभा भरविल्या आणि जें कानांत सांगितलें जात होतें तें चव्हाट्यावर आणलें.

आमचें म्हणणें थीम पार्क कोठेंच होऊं नये असें नाहीं. मुलांना पाळणे हवेत, आणि रोजगारहि हवा. आमचा आग्रह इतकाच कीं, जागा ठरविणाऱ्यानें ती पहिल्यांदा गांवाला सांगावी, आणि गांवानें प्रत्येक वावडीला एक साधा प्रश्न विचारावा: हिचा दोर कोणाच्या हातांत आहे? कारण वावडीचा सर्वांत मोठा घात भावांत दिसत नाहीं. नारळाचें रोप लावणारा मनुष्य सातआठ वर्षें पुढचें पाहून खड्डा खणतो. ‘येथें कांहीं तरी येणार आहे’ असें त्याच्या मनानें घेतलें कीं तो यंदा रोप लावीत नाहीं, विहिरीचा ढांसळलेला कांठ बांधीत नाहीं, पोराला वाडीचें काम शिकवीत नाहीं. अशीं दहा वर्षें गेलीं म्हणजे वाडी खरोखरच ओसाड होते. मग ती मोकळी दिसते असें कोणी म्हटलें तर तें खोटें ठरत नाहीं.