गोलघर, कुम्हरार आणि कोठाराची परंपरा

बौद्धगया, राजगृह, नालंदा आणि वैशाली या स्थळांच्या धम्मयात्रेस महाराष्ट्रातून जाणाऱ्या उपासक-उपासिकांची संख्या आता लहान राहिलेली नाही. या यात्रेत पाटणा शहर लागतेच; परंतु बहुसंख्य यात्रेकरूंच्या दृष्टीने ते गाडी बदलण्याचे ठिकाण असते. जेथे तिसरी धम्मसंगीती झाली असे पालि परंपरा सांगते आणि ज्याचा नामोल्लेख सम्राट अशोकाने आपल्या गिरनार येथील पाचव्या शिलालेखात केला, ते पाटलिपुत्र याच भूमीवर होते. त्याला अर्धा दिवसही मिळू नये, ही आम्हाला खेदाची बाब वाटते. त्यात ज्यांना थोडा वेळ मिळतो त्यांना शहरातील लोक प्रथम गोलघर पाहावयास पाठवितात. ती वास्तू बौद्ध नाही, प्राचीनही नाही. तरी पाटलिपुत्राचा विचार तेथूनच आरंभावा, असे आमचे मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

गांधी मैदानाच्या पश्चिमेस उभी असलेली ही घुमटाकार वास्तू सुमारे २९ मीटर उंच आहे. आत एकही खांब नाही; पायथ्याशी भिंतीची जाडी साडेतीन मीटरहून अधिक आहे. बाहेरून दोन जिने सर्पाकार वळत माथ्यापर्यंत जातात, पायऱ्या १४५. सांचीचा स्तूप पाहिलेल्या माणसास दुरून क्षणभर स्तूपाच्या अंडाचाच भास होतो. आपल्याकडील शेतकऱ्यास मात्र पालथी घातलेली कणगी आठवेल, आणि त्याचाच अंदाज बरोबर ठरेल. कारण हे धान्याचे कोठार आहे. हमालांनी पोती घेऊन एका जिन्याने वर चढावे, माथ्यावरील छिद्रातून धान्य आत ओतावे, दुसऱ्या जिन्याने उतरावे, आणि गरज पडेल तेव्हा तळाच्या दारांतून ते बाहेर काढावे, अशी योजना होती. नेपाळचे जंगबहादूर घोड्यावर बसून हा जिना चढले, अशी आख्यायिका तेथे आवर्जून सांगतात. धान्याची पोती घेऊन किती माणसे चढली, हे मात्र कोणी सांगत नाही.

या कोठाराचे मूळ १७७० च्या दुष्काळात आहे. बंगाल आणि बिहारचा महसूल गोळा करण्याचा अधिकार १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि पाचच वर्षांत त्या प्रदेशातील सुमारे एक तृतीयांश लोक अन्नावाचून मेले. हे अनुमान कोणा विरोधकाचे नव्हे. वॉरन हेस्टिंग्जने स्वतः १७७२ साली आपल्या वरिष्ठांस तसे कळविले. त्याच पत्रात १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही अधिक झाल्याचे नमूद आहे. माणसे घटली आणि वसुली वाढली! पुढे १७८३-८४ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा जानेवारी १७८४ मध्ये कोठारे बांधण्याचा हुकूम निघाला. कॅप्टन जॉन गार्स्टिन या अभियंत्याने जुलै १७८६ मध्ये गोलघर पुरे केले. तत्पूर्वीच, १७८५ साली, हेस्टिंग्ज मायदेशी परतला होता.

गोलघराच्या भिंतीवरील इंग्रजी लेख प्रत्येकाने थांबून वाचावा. या प्रांतांतील दुष्काळ कायमचे टाळण्याच्या सर्वसाधारण योजनेचा हा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. हुकमाची आणि पूर्ततेची तारीख आहे. अभियंत्याचे नाव आहे. शेवटी हे कोठार प्रथम कोणी भरले आणि जाहीररीत्या बंद केले ते कोरण्यासाठी जागा सोडली आहे. ती जागा रिकामीच राहिली.

तळाची दारे आतल्या बाजूस उघडतात, म्हणून कोठार काठोकाठ भरले असते तर ती उघडलीच नसती, असे वाटाडे हसत सांगतात. या विनोदात आम्हाला फारसे स्वारस्य नाही. दार सुताराकडून दुरुस्त करून घेता येते. कोठार भरावयाचे तर धान्य विकत घ्यावे लागते आणि संकटात ते दाम न घेता द्यावे लागते. वसुलीवर जगणाऱ्या व्यापारी सत्तेजवळ ती बुद्धी नव्हती. खरा दोष तेथे होता.

असे म्हणण्यास पुढील इतिहासाचाही आधार आहे. १८७३-७४ मध्ये बिहारात पुन्हा अवर्षण झाले, तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना जगविले. मृत्यू अत्यल्प झाले. त्याबद्दल त्याचा गौरव व्हावा, तर उलट उधळपट्टीचा ठपका त्याच्यावर आला. हाच टेंपल १८७७ साली मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या दुष्काळावर देखरेखीस आला तो धडा शिकून. दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य त्याने दिवसाला एका पौंडावर आणले. पाटण्याच्या कोठारापासून आपल्या दख्खनपर्यंत हा धागा असा पोहोचतो. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला, आणि सावित्रीबाईंनी ओतूरहून एप्रिल १८७७ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील उपासमार व सत्यशोधकांचे साहाय्य यांची हकीकत कळविली. सरकारची कोठारे रिकामी असताना हे अन्न कोणाच्या घरून आले, याचा विचार वाचकांनी करावा.

आता गोलघराचा माथा. दुरुस्तीच्या निमित्ताने जिने काही काळ बंद ठेवण्यात आले होते, म्हणून चौकशी करून जाणे बरे. वरून दिसणारा देखावा विस्तीर्ण आहे. उत्तरेस गंगा, पण ती शहराच्या जुन्या काठापासून दूर सरकली आहे, आणि मधल्या पट्ट्यातून २०२२ साली खुला झालेला गंगापथ जातो. पूर्वेस गांधी मैदान आणि त्यापलीकडे दाट वस्ती. मैदानाच्या उत्तरेस, नदीच्या बाजूला, २०१८ साली उभारलेले सभ्यता द्वार. हे सारे दिसते. पाटलिपुत्र मात्र दिसत नाही.

महापरिनिब्बान सुत्तात या स्थळाचे प्रथम दर्शन घडते ते पाटलिगाम या खेड्याच्या रूपात. तथागत आपल्या अखेरच्या प्रवासात येथे थांबले, तेव्हा मगधाचे अमात्य सुनीध आणि वस्सकार वज्जींना रोखण्यासाठी तटबंदी उभारीत होते. हे अग्रनगर होईल, परंतु त्याला अग्नी, पाणी आणि आपसातील फूट या तिहींपासून भय राहील, असे तथागतांनी आनंदास सांगितले. ज्या द्वाराने ते बाहेर पडले त्याला गोतमद्वार आणि जेथून नदी ओलांडली त्या घाटाला गोतमतित्थ हे नाव पडले. त्या काळी शोण नदी येथेच गंगेस मिळत असे. आज तो संगम पश्चिमेस मैलोगणती दूर गेला आहे. मेगस्थनीसने पाहिलेल्या नगराची लांबी ८० आणि रुंदी १५ स्टेडिया होती. लाकडी तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते. म्हणजे नऊ मैलांहून लांब नगर. सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तोपर्यंत त्याचे केवळ पाये उरले होते.

हिंदुस्थानात दुष्काळ पडतच नाही, असे मेगस्थनीसच्या आधारे ग्रीक लेखकांनी लिहून ठेवले आहे. ते शब्दशः घेता येत नाही. जैन परंपरा चंद्रगुप्ताच्याच काळात मगधात बारा वर्षांचा दुष्काळ सांगते, आणि त्याहून भक्कम पुरावा दोन लहानशा लेखांत आहे. गोरखपूर जिल्ह्यातील सोहगौरा येथे मिळालेला ताम्रपट आणि आज बांगलादेशात असलेल्या महास्थान येथे १९३१ साली मिळालेला शिलालेख हे दोन्ही मौर्यकालीन मानले जातात. दोहोंतही संकटकाळासाठी राखलेल्या सरकारी धान्यसाठ्याची आज्ञा आहे. महास्थानच्या लेखात तर संकट टळल्यावर कोठार पुन्हा भरून ठेवण्याची सूचना आहे. त्यातील प्राकृत शब्द ‘कोठागार’ अशा रूपाचा आहे. आपला ‘कोठार’ तोच. अर्थात मौर्य राज्यात दुष्काळ होते. परंतु त्यांना तोंड देणे हे राजाच्या अधिकाऱ्यांचे नित्याचे काम होते. त्यासाठी २९ मीटर उंचीची वास्तू त्यांनी बांधली नाही. बोटभर अक्षरांचा हुकूम पुरेसा झाला.

या व्यवस्थेमागे विचारही होता. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राज्यातील चोऱ्या थांबविण्यासाठी शिक्षा नव्हे, तर शेतकऱ्यास बी-बियाणे आणि व्यापाऱ्यास भांडवल द्यावे, असा सल्ला आहे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात निर्धनांस धन न दिल्याने समाजाचा ऱ्हास कसा क्रमाक्रमाने होतो ते सांगितले आहे.

गोलघरावरून उतरून आम्ही कुम्हरारला गेलो. पाटणा जंक्शनच्या पूर्वेस पाच-सहा किलोमीटरवर हे उद्यान आहे. १९१२-१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांनी रतन टाटा यांच्या अर्थसाहाय्याने येथे उत्खनन करून ८० स्तंभांच्या मौर्यकालीन सभागृहाचा शोध लावला. त्या स्तंभांपैकी जवळजवळ अखंड असा एकच हाती आला. भूजल वर चढू लागल्याने पुढे २००४ च्या सुमारास ती जागा मातीने बुजविण्यात आली. तथागतांनी सांगितलेल्या तीन भयांपैकी पाण्याचे भय असे आजही तेथे आहे. बहुतेक प्रवासी तो एक स्तंभ पाहून, ‘एवढेच का?’ असे म्हणत परततात.

परंतु कुम्हरारची दुसरी उपलब्धी आम्हाला सभागृहाहून मोठी वाटते. १९५१ ते १९५५ या काळात काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेने तेथे पुन्हा उत्खनन केले. संस्थेचे संचालक होते कोल्हापूरकडचे डॉ. अनंत सदाशिव आळतेकर. त्या उत्खननात गुप्तकालीन विहाराचे अवशेष मिळाले, आणि त्यांत मातीची एक मुद्रा. तिच्यावरील अक्षरे चौथ्या-पाचव्या शतकातील असून तीत ‘श्री आरोग्यविहारे भिक्षुसंघस्य’ असे वाचता येते. म्हणजे हा भिक्षुसंघाचा रुग्णसेवेचा विहार होता. एका खापरावर धन्वंतरीचे नावही आढळले.

पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान विनयाच्या प्रती मिळविण्यासाठी पाटलिपुत्रात तीन वर्षे राहिला. नगरातील वैश्य कुटुंबांनी स्थापिलेल्या दवाखान्यांचे वर्णन त्याने केले आहे. दरिद्री, अनाथ, अपंग, रोगी यांना तेथे औषध आणि अन्न विनामूल्य मिळे. बरे वाटले की ते आपण होऊन जात. त्यांपैकीच एक म्हणजे आरोग्यविहार, असे मुद्रेवरून सिद्ध होत नाही. तथापि काळ एक, नगर एक आणि कार्यही एकच.

याच फाहियानने मध्यदेशातील चांडाळांविषयीही लिहिले आहे. ते गावाबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात, हे त्याचे वर्णन आपल्या वाचकांस परिचित आहे. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरील १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात या साक्षीची कसून छाननी केली आणि तेवढ्यावरून त्या वेळी अस्पृश्यता रूढ होती असे ठरत नाही, असे दाखवून तिचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास निश्चित केला. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या शतकांत माणसाला गावकुसाबाहेर ढकलण्याची रीत घट्ट होत होती, त्याच शतकांत त्याच प्रदेशात संघाची ही मुद्रा उमटत होती. फाहियानच्या दवाखान्यात प्रवेशाची अट दारिद्र्य आणि व्याधी ही आहे. वर्णाचा उल्लेख त्याने केलेला नाही. बाबासाहेबांनी प्राचीन भारताच्या इतिहासात क्रांती आणि प्रतिक्रांती यांचा जो संघर्ष पाहिला, त्याची एवढी लहान आणि एवढी स्पष्ट खूण अन्यत्र क्वचितच सापडेल. मौर्यांचा शेवट पुष्यमित्राने याच नगरीत केला. तरी पाचशे वर्षांनंतरही येथे भिक्षू रुग्णाच्या उशाशी बसत होते.

संग्रहालयांविषयी थोडक्यात. १९१७ साली स्थापन झालेल्या पाटणा संग्रहालयाची बुद्ध मार्गावरील इमारत १९२९ ची आहे. राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात जाऊन आणलेली थंका-चित्रे आणि ग्रंथ त्यांनी याच शहरातील संस्थांच्या स्वाधीन केले. धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिकाचा मूळ संस्कृत पाठ त्यांच्या या भ्रमंतीमुळे आपल्याला पुन्हा मिळाला. बेली रोडवरील बिहार संग्रहालय २०१७ साली पूर्णपणे खुले झाले. दीदारगंजची सुप्रसिद्ध यक्षी आता तेथे आहे. तिच्या लकाकीपुढे गर्दी असते, ते योग्यच. पण बुद्धमूर्तींपुढील पाट्यांवर शैली आणि शतक यांखेरीज काही नसते, ही उणीव आम्हाला जाणवली. ज्या विचारासाठी ती मूर्ती घडली त्याला एक ओळ द्यावयास हरकत नव्हती.

पाटणा संग्रहालयात आणखी एक अमोल ठेवा दीर्घकाळ होता. कुम्हरारनंतर डॉ. आळतेकरांनी वैशाली येथे लिच्छवींनी बांधलेला मातीचा मूळ स्तूप शोधून काढला. १९५८ साली त्यातून मिळालेल्या दगडी करंड्यात राख, एक लहान शंख, काचेचे दोन मणी, तांब्याचे एक नाणे आणि सोन्याचा पातळ पत्रा एवढेच होते. तथागतांच्या अस्थिधातूंचा जो वाटा लिच्छवींस मिळाला तो हाच, असे मानले जाते. जुलै २०२५ मध्ये वैशाली येथील नव्या स्मृतिस्तूपाचे उद्घाटन झाले आणि धातू तेथे नेण्यात आले. म्हणून आता पाटण्यात ते शोधू नयेत. महात्मा गांधी सेतूवरून गंगा ओलांडून हाजीपूरमार्गे वैशाली गाठावी, आणि नव्या स्तूपाबरोबरच जेथे तो करंडा मिळाला ती मातीची जागाही पाहावी.