ड्रॉइंगचं कुलूप

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन संच 1970-71 मधले. 210 मेगावॅटचे पुढचे तीन 1979 ते 1981 दरम्यान आले. त्या काळी असं केंद्र आधी ट्रेसिंगवर उभं राहायचं. मूळ ट्रेसिंग कपाटात, साइटवर जायची ती अमोनिया प्रिंट. पाइपाची जागा हलली की ट्रेसिंग बाहेर काढायचं, ब्लेडने रेघ खरवडायची, नवी ओढायची, बदलाभोवती ढग काढायचा आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात रिव्हिजन नंबर, तारीख, सही. एका ट्रेसिंगवर एका वेळी एकच ड्राफ्ट्समन. दुसऱ्याने थांबायचं.

संगणकातल्या बायनरी, म्हणजे चित्रांसारख्या मजकूर नसलेल्या, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायची व्यवस्था शेवटी इथेच येऊन पोहोचली, पण बराच वळसा घेऊन. मार्क रॉचकिंड यांनी 1972 मध्ये बेल लॅब्जमध्ये एससीसीएस ही आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिहिली ती प्रोग्रामच्या मजकुरासाठी: कुठली ओळ आली, कुठली गेली. चित्राच्या फाइलीत मुळात ओळीच नसतात. पुढची सीव्हीएस तर मदतीला जाऊन घात करायची. विंडोजवर ती ओळींच्या शेवटच्या खुणा परस्पर बदलायची. फाइल बायनरी आहे हे सांगायला विसरलात की चित्र बिघडलंच. फाइली इकडून तिकडे पाठवतानाही हाच छळ. म्हणून 1996 च्या पीएनजी या चित्र-फॉरमॅटने पहिल्या 8 बाइटांतच सापळा लावला. त्यातले शेवटचे चार 13, 10, 26, 10. खुणांना कुणी हात लावला की हे आकडे बदलतात आणि फाइल उघडतानाच चोरी पकडली जाते. या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती मला हीच वाटते.

आवृत्त्या सांभाळणारं गिट (2005) पहिल्या 8000 बाइटांत शून्य बाइट दिसला की फाइल बायनरी ठरवतं आणि फरक दाखवायचा नाद सोडतं. साठवतं मात्र सगळं. आधीच आवळलेल्या फाइलीत एक रेघ बदलली तरी पुढचे बरेचसे बाइट बदलतात, त्यामुळे प्रत्येक आवृत्ती जवळपास पूर्ण आकाराची. 2015 च्या गिट एलएफएसने रेपॉझिटरीत फक्त तीन ओळींची चिठ्ठी ठेवली, त्यात फाइलचा एसएचए-256 ठसा आणि आकार. खरी फाइल वेगळ्या सर्व्हरवर. म्हणजे कपाट परत आलं.

थांबणंही परत आलं. दोघांनी बदललेली ड्रॉइंग आपोआप जुळवता येत नाहीत, म्हणून सबव्हर्जन या आवृत्ती-प्रणालीने 2005 मध्ये, 1.2 आवृत्तीत, कुलूप दिलं. 'नीड्स-लॉक' लावलेली फाइल नुसती वाचता येते. बदलायची तर आधी कुलूप आपल्या नावावर घ्यायचं. आणि कुलूप घेऊन एखादा रजेवर गेला तर? सहकारी ते जबरदस्तीने मोडू शकतो.